पन्हळ दरवर्षी त्याच सांध्यावर गळते? आधी ढाळ तपासा

तक्रार साधारण अशी असते. पहिल्या मोठ्या सरीत पन्हळीचा एक सांधा ठिबकतो. पाऊस उघडल्यावर कोणीतरी शिडी लावून वर चढतो, एम-सील नाहीतर सिलिकॉन भरतो आणि गळती थांबते. पुढच्या पावसाळ्यात तोच सांधा पुन्हा सुटतो. तिसऱ्या वर्षी वळचणीखालच्या भिंतीवर पिवळट ओघळ दिसू लागतात. चौथ्या वर्षी रंगारी सांगतो की भिंत खवले सोडते आहे. सुतार येतो तोवर वाशांची टोके भुसभुशीत झालेली असतात.

अशा वेळी दोष बहुतेकदा सांध्याचा नसतो. पन्हळीत पाणी साचते आणि ते चोवीस तास त्या सांध्यावर उभे राहते. पाणी वाहून जाणार असेल तर साधारण प्रतीचा सांधाही वर्षानुवर्षे टिकतो. साचलेल्या पाण्यापुढे उत्तम मसालाही दोन पावसाळ्यांहून जास्त तग धरत नाही. म्हणून मसाल्याची नळी उघडण्याआधी ढाळ तपासावा.

ढाळ चुकलाय हे कसे ओळखायचे

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे वळवाची सर. पाऊस थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी शिडीवरून पन्हळीत डोकावा. तळ नुसता ओलसर असेल तर काळजीचे कारण नाही. हातभर लांबीचे डबके दिसले तर तिथे ढाळ नाही किंवा उलटा आहे.

वळवाची वाट पाहायची नसेल तर पन्हळ आधी पूर्ण साफ करा. पाचोळ्याने तुंबलेले पाणी आणि ढाळ नसल्याने साचलेले पाणी वरून सारखेच दिसते. मग उंच टोकाला बागेचा पाइप धरून पाच-सात मिनिटे पाणी सोडा, बंद करा आणि थांबा. राहिलेल्या प्रत्येक डबक्यात स्टीलची फूटपट्टी उभी धरून सर्वात खोल जागेची खोली मोजा आणि पन्हळ जिच्यावर बसवलेली असते त्या फळीवर खडूने लिहून ठेवा. हा आकडा पुढे कामाला येतो. ३ मिलिमीटरपर्यंतचा पातळ थर सोडून द्या, तो वाऱ्याने सुकतो. ५ मिलिमीटरच्या पुढे काम करणे भाग आहे.

पाणी नसतानाही खुणा असतात. पन्हळीच्या तळाला ठराविक जागी वाळलेल्या गाळाचा काळा पट्टा, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्यावर तेवढ्याच लांबीचा गंज, सांध्याखाली फळीवर हिरवे शेवाळ. डासांच्या अळ्या दिसल्या तर पाणी तिथे कित्येक दिवस उभे आहे असे समजा. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि वळचणीच्या सावलीतले डबके त्याला आवडतेच.

छपराचे नुकसान नेमके कुठून सुरू होते

सुरुवात वजनापासून होते. ६ इंची म्हणजे १५० मिलिमीटर रुंदीची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली तर एका मीटरमध्ये जवळपास ९ लिटर पाणी मावते. तीन मीटरचा तुकडा तुंबला की फळीवर २६ किलोंच्या आसपास ओझे येते, आणि त्यात भिजलेला पाचोळा व माती धरलेली नाही. पन्हळ पेलणारे ब्रॅकेट खाली झुकते, तिथला खळगा वाढतो, वाढलेल्या खळग्यात जास्त पाणी मावते आणि ब्रॅकेट आणखी झुकते. पहिल्या वर्षी ५ मिलिमीटर असलेले डबके तिसऱ्या वर्षी बोटभर खोल होते ते यामुळेच.

ब्रॅकेट झुकले की दुसरी गोष्ट घडते, आणि खरे नुकसान तिथे आहे. भरलेल्या पन्हळीतले पाणी जो काठ खाली असेल तिकडून बाहेर पडते. ते पुढच्या काठावरून अंगणात पडले तर फार बिघडत नाही, चिखल होतो इतकेच. मागचा काठ खाली असेल तर पाणी फळीच्या पाठीमागे उतरते. तिथे वाशांची कापलेली टोके असतात. कापलेल्या टोकातून लाकूड पाणी ओढते, बाजूंच्या मानाने कितीतरी जास्त. लाकडातला ओलावा सतत २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला जागा मिळते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ते लाकूड सुकायला उसंतच मिळत नाही. ओल्या लाकडाचा माग काढत वाळवी येतेच.

वाशाचे टोक खचले की त्यावरची शेवटची रीप, म्हणजे कौले धरणारी आडवी पट्टी, खाली येते. मंगलोरी कौले रिपेला नाकाने अडकलेली असतात. रीप हलली की सर्वात खालची ओळ सरकते आणि वरच्या ओळीशी असलेला मेळ सुटतो. मग गळती वळचणीत न राहता खोलीच्या आत, भिंतीपासून हातभर अंतरावर येते. घरमालक कौले बदलतो. कौले चांगलीच असतात!

पत्र्याच्या छपरात लाकूड नसते म्हणून निर्धास्त राहू नये. तिथे पन्हळ चौकोनी लोखंडी पाइपांच्या सांगाड्याला लावलेली असते आणि त्या पाइपांची टोके बरेचदा उघडीच सोडलेली असतात. मागून उतरलेले पाणी टोकातून पाइपात शिरते आणि पाइप आतून गंजतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. एक दिवस स्क्रूभोवती पापुद्रा सुटतो तेव्हा आतली भिंत कागदासारखी पातळ झालेली असते. टोके झाकणे आणि पाइपाच्या सर्वात खालच्या बिंदूला ६ मिलिमीटरचे भोक पाडणे हे दहा मिनिटांचे काम आहे, पण ते क्वचितच कोणी करते. शिवाय पन्हळ काठोकाठ भरली की पत्र्याची खालची कड पाण्यात बुडते आणि तिथून गंज वर चढतो.

ढाळ किती हवा

मीटरला ५ मिलिमीटर, म्हणजे २०० ला १. सुतार-पत्रेवाल्यांच्या भाषेत दहा फुटाला पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पाचोळा फार पडत असेल, वर फणस, आंबा किंवा सावर असेल, तर दहा फुटाला सहा-सात सूत ठेवले तरी चालते. तीन सुतांच्या खाली जाऊ नये. कागदावर पाणी वाहते, पण पुढच्या उन्हाळ्यात पन्हळ जराशी वाकली की तेवढा ढाळ खाऊन टाकते.

जास्त ढाळ म्हणजे जास्त चांगले, हा समज मात्र मोडायला हवा. १२ मीटरच्या पन्हळीला मीटरला १० मिलिमीटर दिले तर खालचे टोक १२० मिलिमीटर खाली जाते. तिथे कौलाची कड आणि पन्हळ यांत अर्ध्या वितीहून मोठी फट पडते. जोरदार पावसात कौलावरून सुसाट आलेले पाणी पन्हळीच्या पलीकडे उडी मारते आणि वारा असेल तर फटीतून भिंतीवर आपटते. पन्हळ लांब असेल तर उंची मध्यावर ठेवून दोन्हीकडे ढाळ काढा. १२ मीटरला प्रत्येक बाजूला फक्त ३० मिलिमीटर उतरावे लागते. पाइप दोन लागतात, पण ते एरवीही लागणारच असतात, कसे ते पुढे येते.

ढाळ का चुकतो

सर्वात जास्त आढळणारी चूक मापाची आहे. कारागीर कौलांच्या कडेपासून माप घेतो: या टोकाला कडेखाली दोन बोटे, त्या टोकाला चार बोटे, मध्ये दोरी. कौलांची कड सरळ आहे असे तो धरून चालतो. तीस-चाळीस वर्षांच्या घरात वळचण मध्ये एक-दीड इंच बसलेली असते, किंवा अख्खे घर एका बाजूला कललेले असते. मापे तंतोतंत बरोबर आणि ढाळ उलटा, असे मग होते. जमिनीपासून किंवा जोत्यापासून घेतलेले मापही तितकेच फसवे. ढाळाला एकच खरा आधार आहे, पाण्याची पातळी.

दुसरे कारण ब्रॅकेटमधले अंतर. मीटर-मीटरवर ब्रॅकेट मारून पैसे वाचवले की दोन ब्रॅकेटांच्या मध्ये पन्हळ पोटात झुकते आणि छोट्या डबक्यांची माळ तयार होते. ६० सेंटिमीटर ही मर्यादा समजा, घाटमाथ्यावर आणि कोकणात ४५ ठेवा. सांध्याच्या आणि उतरत्या पाइपाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटरच्या आत एकेक वेगळे हवे.

पीव्हीसीच्या पन्हळीत ऊन दगा देते. तीन मीटरचा तुकडा ३० अंशांच्या फरकाने साधारण ५-६ मिलिमीटर लांब होतो. दोन्ही टोके सॉल्व्हेंटने घट्ट चिकटवली असतील तर वाढलेल्या लांबीला जायला जागा नसते, ती सापासारखी वळवळते आणि जूनमध्ये तशीच राहते. ६ इंची पाइप उभा चिरून केलेल्या घरगुती पन्हळीत हे हमखास होते. ती स्वस्त पडते आणि चालतेही, पण तिला ब्रॅकेट दीड फुटावर हवेत आणि जाड पाइप हवा.

बाकी कारणे किरकोळ असली तरी नेहमीची. पाणी साठवायला टाकी दुसऱ्या कोपऱ्यात बसवली, उतरता पाइप तिकडे नेला, ढाळ मात्र जुन्याच बाजूला राहिला. रंगाऱ्याने शिडी थेट पन्हळीवर टेकली. आणि वानरे. त्यांची टोळी ज्या कोपऱ्यातून छपरावर उडी घेते, तिथले ब्रॅकेट दरवर्षी वाकलेलेच सापडेल. तिथे दोन ब्रॅकेटांच्या जागी चार मारा. वानरांना वळण लावण्यापेक्षा ते सोपे आहे.

दुरुस्ती

आधी लाकूड तपासा. जाड दाभण किंवा पेचकस फळीत आणि वाशाच्या टोकात दाबा. सहज अर्धा सेंटिमीटर आत गेला तर तिथे ब्रॅकेट मारण्यात अर्थ नाही, तो भाग बदलावा लागेल. वाशाचे टोकच गेले असेल तर सडका भाग कापून जुन्या वाशाला बाजूने नवा तुकडा जोडतात. नवा तुकडा चांगल्या लाकडावर किमान दोन फूट मागे न्यावा आणि आरपार बोल्टने आवळावा. नुसत्या खिळ्यांवर सोडू नये.

पातळीसाठी ८ किंवा १० मिलिमीटरची पारदर्शक नळी घ्या, पन्हळीच्या लांबीपेक्षा दोन मीटर जास्त. पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक बुडबुडा सगळे माप बिघडवतो. एक टोक उंच बाजूच्या फळीवर, दुसरे पाइपाच्या बाजूला धरा, पाणी स्थिर झाले की दोन्हीकडे खूण करा. या दोन खुणा एका पातळीत आहेत. आता पाइपाच्या बाजूला खुणेपासून खाली ढाळाचे माप घ्या. नऊ मीटरच्या पन्हळीला ४५ मिलिमीटर. लेझर लेव्हल मिळत असेल तर हेच काम दोन मिनिटांत होते, पण उन्हात तिची रेघ दिसत नाही, संध्याकाळी लावावी.

दोन टोकांची ब्रॅकेट आधी बसवा. उंच टोकाला पन्हळीचा मागचा काठ कौलाच्या किंवा पत्र्याच्या कडेखाली जवळ असावा, आणि कड पन्हळीच्या आत सुमारे ५० मिलिमीटर यावी. कमी आली तर पाणी मागे गळते, अर्ध्याहून जास्त आली तर पुढे उडते आणि साफ करायला हातही जात नाही. दोन ब्रॅकेटांमध्ये नायलॉनची दोरी ताणा. सहा मीटरच्या पुढे दोरी स्वतःच झोळ खाते, म्हणून मध्ये एकदा नळीने पातळी पडताळून तिथे तिसरे ब्रॅकेट मारा. मग बाकीची दोरीला टेकवून.

प्रत्येक ब्रॅकेट असे बसवा की पन्हळीचा पुढचा काठ मागच्यापेक्षा १० मिलिमीटर खाली राहील. ढगफुटीसारख्या पावसात पन्हळ भरणारच, तेव्हा पाणी अंगणात पडावे, वळचणीत नको. बरेच लोक नेमके उलटे करतात, पाणी बाहेर सांडू नये म्हणून पुढचा काठ उचलतात.

लाकडाला ५० मिलिमीटरचे स्टेनलेस स्क्रू वापरा, खिळे नकोत. लोखंडी पाइपाला रबरी वायसर असलेले सेल्फ ड्रिलिंग स्क्रू. पीव्हीसीचा तुकडा सांध्यात ठासून भिडवू नका, ६ ते ८ मिलिमीटर मोकळे ठेवा, आणि रबरी पट्टीचा जॉइनर असेल तर त्याला सॉल्व्हेंट लावू नका. सिलिकॉन भरायचेच असेल तर जुने खरवडून, पुसून, पूर्ण कोरड्या सांध्यावर. ओल्यावर लावलेले सिलिकॉन श्रावण पाहत नाही.

सगळी पन्हळ उतरवायची नसेल, एकाच जागी डबके असेल, तर खडूने लिहिलेला आकडा घ्या. समजा डबके १२ मिलिमीटर खोल आहे आणि ज्या उंचवट्याने पाणी अडते तो पुढे दोन मीटरवर आहे. डबके फक्त सपाटीला आणायला १२ मिलिमीटर, अधिक दोन मीटरचा ढाळ १० मिलिमीटर. म्हणजे ती जागा २२ मिलिमीटर उचलावी लागेल. लोक १२ उचलतात, डबके रिकामे होते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरते. वर उचलायला जागा नसेल तर पुढचा उंचवटा तेवढाच खाली घ्या. उचलल्यावर शेजारची दोन-तीन ब्रॅकेटही पुन्हा दोरीला लावावी लागतात, नाहीतर डबके नुसते जागा बदलते.

ढाळ बरोबर आहे, तरी सांडते

मग उतरत्या पाइपाचे तोंड पाहा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १० मीटर लांब आणि ४.५ मीटर रुंद पाख्यावर (छपराच्या एका उतरत्या बाजूवर) ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत तासाला ४५०० लिटर, मिनिटाला ७५ लिटर पाणी येते. भारतात वापरल्या जाणाऱ्या कोष्टकानुसार १०० मिलिमीटर व्यासाचा उतरता पाइप अशा पावसाला सुमारे ४२ चौरस मीटर छप्पर सांभाळतो आणि ७५ मिलिमीटरचा फक्त २० चौरस मीटर. सर ताशी १५० मिलिमीटरची झाली तर हेच आकडे २८ आणि १३ वर येतात. म्हणजे या पाख्याला १०० मिलिमीटरचा एक पाइप पुरत नाही, दोन हवेत. मध्यावर उंची ठेवून दोन्हीकडे ढाळ काढायचा तो यासाठीही.

इथे दिवसभराच्या पावसाचा आकडा पाहून चालत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, पण त्यातला मोठा भाग दुपारनंतरच्या काही तासांतच कोसळला होता. पन्हळीची परीक्षा त्या तासांत होते.

तोंडावर सपाट जाळी बसवू नका. तिच्यावर एकच फणसाचे पान बसते आणि अख्खी पन्हळ तुंबते. घुमटासारखी उंच जाळी घ्या, पानाने एक बाजू झाकली तरी दुसरी मोकळी राहते.

दोन छपरांच्या मधली पन्हळ

हिला वेगळे नियम. इथे भरलेल्या पन्हळीतले पाणी अंगणात सांडूच शकत नाही, दोन्ही बाजूंनी घरातच येते. म्हणून ढाळ दुप्पट, १०० ला १, आणि रुंदी निदान ३०० मिलिमीटर, म्हणजे साफ करणाऱ्याचे पाऊल मावेल. शेवटच्या टोकाच्या बंद पत्र्यात, कौलाच्या किंवा पत्र्याच्या खालच्या कडेपेक्षा ४०-५० मिलिमीटर खाली, एक जादा तोंड ठेवा. एरवी ते कोरडे असते. त्यातून पाणी पडताना दिसले की मुख्य पाइप तुंबलाय हे खालूनच कळते.

स्लॅबला जोडलेल्या काँक्रीटच्या पन्हळीत ब्रॅकेट हलवण्याचा प्रश्नच नाही, ढाळ सिमेंटच्या मसाल्यानेच द्यावा लागतो. जुना सैल थर फोडून, १०० ला १ च्या हिशेबाने १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) मसाला, आणि तोंडाजवळ तो इतका पातळ होत असेल की पापुद्रा सुटेल, तर तोंडच काढून खाली बसवा. कोपरे गोल करा, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. वाळल्यावर तोंड बूच लावून बंद करा, ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालून छत पाहा.

हे सगळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे. रोहिणी लागल्यावर कारागीर मिळत नाही, मिळाला तर दर दुप्पट सांगतो. सिमेंटच्या पत्र्यावर कोणी पाय देऊ नये, लाकडी फळी टाकून तिच्यावरूनच फिरावे. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याला कोरडे ड्रिल मारू नये. शिडी भिंतीला टेकवावी, पन्हळीला नाही, आणि खाली एक माणूस धरायला हवाच.